पेंढ्यावरची धिंगरी आणि घरच्या टोपातलं सूप



रोजच्या संदेशात तुम्हाला भाव, हवामान आणि फवारणीची माहिती मिळते. आजचा संदेश थोडा लांब आहे आणि तो स्वयंपाकघराचा आहे. सवडीने वाचा आणि घरात जो स्वयंपाक करतो त्यालाही वाचायला द्या.

थंडीचे दिवस आहेत. दापोडे, वळ, गुंदवली, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात भात झोडून झालं, पेंढ्याचे भारे रचून झाले. ज्यांनी धिंगरी अळंबीच्या पिशव्या टांगल्या आहेत त्यांच्याकडे काढणी चालू आहे. चांगले गुच्छ पाकिटात जातात. पण प्रत्येक काढणीत थोडा माल मागे राहतो. कुठे तुटलेल्या पाकळ्या, कुठे बारीक गुच्छ, कुठे लांब देठ. हा माल खराब नसतो, फक्त पाकिटात शोभत नाही. बहुतेक घरांत तो गुरांपुढे जातो नाहीतर उकिरड्यावर. आणि त्याच घरातली मुलं गोदामातून पाळी संपवून येतात तेव्हा वडापाव खाऊन आलेली असतात, नाहीतर पाकिटातल्या सूपची पूड गरम पाण्यात ढवळतात.

आपण पिकवतो ते आपल्या ताटात का नाही, एवढाच आजचा प्रश्न. उत्तर सोपं आहे, अर्ध्या तासाचं आहे.

*आधी एक गोष्ट पक्की करा*

हे सूप फक्त लागवडीच्या अळंबीचं करायचं. स्वतःच्या पिशवीतली, ओळखीच्या उत्पादकाकडची किंवा बाजारात पाकिटात मिळणारी. बांधावर, कुरणात, झाडाच्या बुंध्याशी आपोआप उगवलेली छत्री या सूपमध्ये टाकायची नाही. कारण खाली सविस्तर दिलं आहे. संदेश अर्धवट वाचणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवलं.

*धिंगरी आपल्या पेंढ्याला कशी आली*

अळंबी म्हटलं की लोकांना बटण अळंबी आठवते. तिला खास कुजवलेलं कंपोस्ट लागतं आणि पीक येताना 14 ते 18 अंश तापमान लागतं. भिवंडीत ते यंत्राशिवाय जमत नाही. धिंगरीचं तसं नाही. तिला 20 ते 28 अंश तापमान, 80 टक्क्यांच्या वर ओलावा आणि भाताचा पेंढा एवढं पुरतं. आपल्याकडे थंडीत हे तिन्ही सहज जमतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत अन्नाची टंचाई होती. तेव्हा तिथे लाकडाच्या ओंडक्यांवर धिंगरी वाढवायला सुरुवात झाली. आपल्या देशात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी घेण्याची पद्धत 1962 साली मांडली. पुढे हिमाचल प्रदेशातल्या सोलन इथे अळंबीवर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र 1983 मध्ये उभं राहिलं. आपल्या राज्यात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचं काम चालतं. म्हणजे हे शहरातलं फॅड नाही. टंचाईच्या दिवसांत पोट भरायला आणि भाताच्या पेंढ्याचं चीज करायला हे पीक उभं राहिलं आहे.

ज्यांची जमीन गोदामांत गेली आणि घराभोवती चार गुंठेच राहिले, त्यांच्यासाठीही हे पीक आहे. त्याला शेत लागत नाही, सावलीची खोली लागते.

*ताकद किती, खरं काय*

अळंबीबद्दल बाजारात बरंच काही बोललं जातं. मटणाएवढी ताकद, सगळ्या रोगांवर औषध, वगैरे. आपण विकणारे आहोत म्हणून आपणच खरं सांगायला हवं.

ताज्या धिंगरीत सुमारे 90 टक्के पाणी असतं. 100 ग्रॅममध्ये साधारण 3 ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणजे पाव किलो धिंगरी खाल्ली तर 8 ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात. त्यामुळे नुसत्या अळंबीवर प्रथिनांची गरज भागत नाही. सोबत डाळ, दूध किंवा अंडं लागतंच.

मग फायदा काय? चरबी जवळजवळ नाही, 100 ग्रॅमला अर्धा ग्रॅमही नाही. तंतू आहेत, त्यामुळे पोट साफ राहायला मदत होते. ब गटातली काही जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम चांगलं आहे. उष्मांक कमी आहेत, 100 ग्रॅमला 35 च्या आत. ज्यांना वजन आवरायचं आहे, ज्यांचं रात्रीचं जेवण जड होतं, त्यांना हे सूप उपयोगी आहे. मात्र ब-12 अळंबीतून मिळेल असं समजू नका. शाकाहारी माणसाने ते दूध-दह्यातून घ्यावं किंवा डॉक्टरांना विचारावं.

*माल कसा निवडायचा*

• पाकळीची कडा किंचित आत वळलेली असेल तर अळंबी कोवळी. कडा वर उलटून फाटायला लागली की ती जून झाली. जून अळंबी खाता येते, पण चिवट लागते.
• वास मातीसारखा, हलका हवा. आंबूस किंवा मासळीसारखा वास आला, हाताला बुळबुळीत लागली, पिवळं पाणी सुटलं, तर फेकून द्या. उकळून ती चांगली होत नाही.
• ज्या पिशवीत हिरवी बुरशी पसरली आहे ती पिशवी खोलीबाहेर काढा. तिच्यावरची अळंबी खाऊ नका, विकूही नका.
• पेंढ्यावर कधी कधी पातळ देठाच्या, टोपीसारख्या, काळ्या पडणाऱ्या छत्र्या उगवतात. त्या काही तासांत विरघळून शाईसारखं पाणी होतात. ती धिंगरी नाही, तण आहे. पेंढा नीट गरम केला गेला नाही की ती येते. उपटून टाका, टोपात येऊ देऊ नका.

काढणीच्या वेळी तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा. धिंगरीचे बीजाणू बारीक धुरळ्यासारखे उडतात आणि रोज बंद खोलीत काम करणाऱ्याला खोकला, दमा होऊ शकतो. लहान मुलांना त्या खोलीत खेळायला सोडू नका.

*सूपचं साहित्य, चार माणसांसाठी*

• धिंगरी 200 ग्रॅम, तुटकी-बारीक चालेल
• कांदा 1 मध्यम, बारीक चिरून
• लसूण 5-6 पाकळ्या, ठेचून
• आलं अर्धा इंच, किसून
• तेल 2 चहाचे चमचे
• तांदळाचं पीठ 2 चहाचे चमचे
• पाणी 4 वाट्या
• काळी मिरी 8-10 दाणे, भरड कुटून
• मीठ अर्धा चहाचा चमचा
• दूध अर्धी वाटी, आवडत असेल तर
• वरून कोथिंबीर किंवा कांद्याची पात

यात मैदा नाही, कॉर्नफ्लॉवर नाही, मलई नाही, चव वाढवायची पूड नाही. घट्टपणा तांदळाचा. आपण भात पिकवणारे लोक, घट्टपणासाठी दुकानात जायची गरज नाही. घरात पेज असेल तर आणखी सोपं. तांदळाचं पीठ वगळा, पाणी 2 वाट्या घ्या आणि 2 वाट्या पेज घाला.

*कृती*

1. धिंगरी पाण्यात भिजत टाकू नका. ती पाणी पिते आणि मग नीट परतली जात नाही. पेंढ्याचा कण झटका, वाहत्या पाण्याखाली पटकन धुवा, फडक्यावर पसरून कोरडी करा.

2. बुंध्याचा कडक भाग वेगळा काढा. पाकळ्या सुरीने न कापता हाताने उभ्या फाडा, बोटाच्या रुंदीच्या पट्ट्या होतात.

3. कडक देठ चिरून 4 वाट्या पाण्यात 10 मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. हे पाणी म्हणजे सूपचा जीव. पेंढ्याला चिकटलेला शेवटचा टोकाचा तुकडा मात्र घेऊ नका.

4. टोपात तेल तापवा. लसूण, आलं, मग कांदा घालून मऊ होईपर्यंत परता. लसूण करपू देऊ नका, सूप कडू होतं.

5. आता धिंगरी घाला आणि आच मोठी करा. इथे दोन गोष्टी पाळा. झाकण ठेवू नका आणि मीठ घालू नका. अळंबीला पाणी सुटेल, ते आटेल आणि कडा सोनेरी व्हायला लागतील. 6 ते 8 मिनिटं लागतात. बऱ्याच जणांचं अळंबीचं सूप पांचट होतं ते इथेच. पाणी आटायच्या आत पुढचं पाणी ओततात.

6. देठाचं गाळलेलं पाणी ओता. उकळी आली की आच कमी करून 8-10 मिनिटं शिजू द्या. धिंगरी कच्ची किंवा अर्धकच्ची खायची नसते. पोटाला त्रास होतो.

7. दाट सूप आवडत असेल तर अर्धी अळंबी बाजूला काढून गार करा, मिक्सरला फिरवून परत टोपात घाला. गरम सूप मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवू नका, झाकण उडून भाजतं. मिक्सर नसेल तर रवीने घुसळा, तेवढंही पुरतं.

8. तांदळाचं पीठ थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. सूप ढवळत ढवळत ते ओता आणि 3-4 मिनिटं शिजवा. पेज घेतली असेल तर ती याच वेळी घाला.

9. शेवटी मीठ आणि मिरी. दूध घालायचं असेल तर आच अगदी कमी करून घाला, मग उकळू नका. दूध घातलं तर लिंबू पिळू नका, फाटतं.

गरम गरम प्या. सोबत तांदळाची भाकरी घेतली तर रात्रीचं हलकं जेवण झालं.

*त्यातच तीन बदल*

मूगडाळीचं: अर्धी वाटी, म्हणजे 75 ग्रॅमच्या आसपास मूगडाळ मऊ शिजवून, घोटून सूपमध्ये घाला. मग तांदळाच्या पिठाची गरज नाही. डाळीतून माणशी 4 ते 5 ग्रॅम प्रथिनं वाढतात. वाढत्या मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी हेच करा.

शेवग्याचं: शेवग्याची मूठभर कोवळी पानं शेवटच्या पाच मिनिटांत टाका. कुंपणाचा शेवगा कामी येतो.

वाळलेल्या धिंगरीचं: 200 ग्रॅम ताज्याऐवजी 20 ग्रॅम वाळलेली घ्या. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी गाळून सूपमध्येच वापरा.

*मिठाचा हिशोब*

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, भाजी-भाकरी-लोणच्यासकट. आपल्या या टोपात चार माणसांना मिळून अर्धा चमचा आहे. पाकिटातलं सूप घरात येत असेल तर मागचं बारीक अक्षर वाचा. सोडियमचा जो आकडा मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. 800 लिहिलं असेल तर 2 ग्रॅम मीठ. आकडा एका कपाचा आहे की 100 ग्रॅमचा, तेही बघा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या आजी-आजोबांसाठी हा हिशोब महत्त्वाचा आहे.

*कोणी जपून खावं*

ज्यांना युरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात, ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा डायलिसिस चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. पहिल्यांदाच खाणाऱ्याने अर्धी वाटी घेऊन बघावं. अंगावर पुरळ, ओठांना सूज, पोटात मुरडा आला तर थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. श्रावणात किंवा उपासाला काही घरांत अळंबी चालत नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा विषय.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी खळखळ उकळून संपवा. फ्रीज नसेल तर रात्रीच संपवा.

*पावसाळ्यातली अळंबी: इथे धाडस नको*

एकदा घराला अळंबीची चव लागली की पहिल्या पावसानंतर नजर बांधाकडे जाते. आपल्या भागातल्या जाणत्या लोकांना वारुळावर उगवणारी अळंबी ओळखता येते. ती वाळवीच्या सोबतीने वाढते, म्हणून तिची लागवड होत नाही आणि म्हणूनच तिला भाव. हे ज्ञान पिढ्यांचं आहे, त्याचा मान आहे. पण ते फोटो बघून येत नाही. पिशवीवर काम करणारा प्रत्येक जण रानातली अळंबी ओळखतो असंही नाही.

आसाममध्ये एप्रिल 2022 मध्ये रानटी अळंबी खाऊन काही दिवसांत 13 जण गेले. त्यात चहामळ्यांवर राबणारी कुटुंबं होती. पोटासाठी वेचलेलं अन्नच जिवावर उठलं.

गावात ज्या परीक्षा सांगतात त्यांतली एकही खरी नाही:

• चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी: खोटं.
• लसूण किंवा तांदूळ घातले की रंग बदलतो: खोटं.
• किड्यांनी, गोगलगायीने खाल्लेली चालते: खोटं.
• सालं निघाली तर खायची: खोटं.
• खूप उकळली, मीठ-हळद लावली की विष जातं: खोटं. सगळ्यात घातक विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही.

या विषाची चाल फसवी असते. खाल्ल्यावर 6 ते 24 तास काही होत नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. त्यानंतर एखादा दिवस बरं वाटतं आणि माणूस घरी परततो. तेवढ्या वेळात यकृत निकामी होत असतं. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबू नका.

रानटी अळंबी खाल्ल्यावर त्रास झाला तर:

• ताबडतोब 108 ला फोन करा किंवा रुग्णालय गाठा. भिवंडीत उपजिल्हा रुग्णालय आहे. कोणाच्या सल्ल्याने मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका.
• उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, कागदात गुंडाळून सोबत न्या. उगवलेल्या जागेचा फोटो काढा.
• ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी.
• दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या मोफत क्रमांकावर सल्ला देतं. हा क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये साठवा.

संकलनाला येणाऱ्या मालात रानातली अळंबी मिसळू नका, ओळखीची असली तरी. एका पाकिटात चुकीची छत्री गेली तर खाणाऱ्याचा जीव जातो, आणि सगळ्या सभासदांच्या मालावरचा विश्वासही.

*उरलेला माल वाळवा*

ताजी धिंगरी बाहेर जेमतेम दिवसभर टिकते. कागदी पिशवीत किंवा भोकं पाडलेल्या पाकिटात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर 3-4 दिवस. हवाबंद प्लॅस्टिकमध्ये घाम धरून लवकर सडते. गाडी चुकली, व्यापाऱ्याने भाव पाडला, सणामुळे उठाव नाही, अशा दिवशी मिळेल त्या भावाला माल देण्यापेक्षा वाळवून ठेवता येतं.

पट्ट्या फाडून स्वच्छ जाळीवर किंवा सुती कापडावर एकेरी थरात पसरा, वरून पातळ कापड घाला. थंडीच्या कडक उन्हात दोन दिवसांत वाळते. संध्याकाळी आत घ्या, नाहीतर दव शोषते. तुकडा वाकवल्यावर कटकन मोडला म्हणजे वाळली. साधारण 10 किलो ताज्या धिंगरीची 1 किलो वाळलेली होते. खाडीकडची हवा दमट आहे, म्हणून गार झाल्या झाल्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. भरलेली तारीख लिहा.

एक फायदा आणखी आहे. अळंबीच्या खालच्या पात्यांवर ऊन पडलं की तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, अगदी तोडल्यावरसुद्धा. म्हणून पसरताना पाती वर करून ठेवा. ताजी अळंबीही शिजवण्याआधी दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास अशी ठेवली तर चालते. गोदामात दिवसभर छपराखाली काम करणाऱ्या आणि ऊन न मिळणाऱ्या मुलांना याचा उपयोग आहे.

वाळलेल्या धिंगरीची पूड करून ठेवली तर वरण, पिठलं, सूप यात चमचाभर टाकता येते.

*या आठवड्यात एवढं करा*

पुढच्या काढणीत पाकिटं भरायच्या आधी 200 ग्रॅम घरासाठी बाजूला काढा. नंतर उरलं तर बघू असं म्हटलं की उरत नाही. एकदा सूप करून घरच्यांना द्या. ज्या घरात खाल्लं जातं त्या घरातला माणूस गिऱ्हाईकाला कृती सांगू शकतो, आणि कृती कळली की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पाकीट घेतं. ‘हे करायचं कसं?’ हाच प्रश्न विचारून लोक धिंगरी परत ठेवतात. पाकीट देताना वरची कृती थोडक्यात सांगा किंवा हा संदेश पाठवा.

लागवडीबद्दल अडचण असेल तर किसान कॉल सेंटर, 1800 180 1551, इथे मराठीत विचारता येतं. सूप करून बघितलंत, काही वेगळं घातलंत, तर या संदेशाला उत्तर म्हणून लिहा किंवा बोलून पाठवा. इतर सभासदांना उपयोग होईल.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी, दापोडे